जिनिंगच्या काट्यावरून पोस्टग्रेसकडे

कापसाची गाडी जिनिंगच्या फाटकातून आत आली की आधी काट्यावर उभी राहते. भरल्या गाडीचं वजन होतं. मग ग्रेडर ढिगात हात घालून कापूस ओढून बघतो, ओलाव्याचं मीटर खुपसतो, भाव ठरतो, माल उतरतो आणि रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते. भरल्या वजनातून रिकामं वजन गेलं की निव्वळ कापूस उरतो. त्याला भावाने गुणलं की शेतकऱ्याचा चुकारा. काटाचिठ्ठीवर हे सगळं चार ओळींत मावतं. पारोळा तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये गेले सात हंगाम या चार ओळी लिहिणारा एक कारकून आहे. बी.कॉम. झालेला, एकतीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप. रात्री जेवणं उरकली की तो स्वयंपाकाच्या ओट्यावर लॅपटॉप मांडून पोस्टग्रेस हा डेटाबेस शिकतो. घरातला धड चालणारा प्लग तिथेच आहे.

नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं, तेव्हा पहिल्यांदा पुणंच डोळ्यांपुढे आलं. हिंजवडीच्या प्रत्येक बसमध्ये कानात हेडफोन घालून काहीतरी शिकत असलेलं माणूस भेटतं. पण तिथे शेजारच्या सीटवरही तसंच माणूस असतं. अडलं तर विचारायला, चुकलं तर हसायला कोणी ना कोणी असतं. जिथे हे शिकणारा माणूस गल्लीत एकटाच आहे, तिथे तो कसा शिकतो हे मला बघायचं होतं. म्हणून पारोळ्याला गेले. धुळ्याहून जळगावकडे निघालं की महामार्गावरच हे गाव लागतं. हा रस्ता पूर्वी सहा नंबरचा होता, आता कागदोपत्री त्रेपन्न झाला, तरी लोक अजून सहाच म्हणतात. मध्यावर झाशीच्या नेवाळकर घराण्याशी नातं सांगणारा भुईकोट किल्ला, बालाजीचं मंदिर, भोवती कापूस आणि ज्वारी-बाजरीची गावं. रेल्वे गाठायची तर अमळनेरला जायचं.

मला भेटलेल्या कोणालाच नाव छापून यायला नको होतं. कारण साधं आहे. मालकाला किंवा साहेबाला वाटेल, हा आता नोकरी सोडणार.

ऑक्टोबर ते मार्च, अभ्यास बंद

या कारकुनाने पहिल्यांदा एक ऑनलाइन कोर्स घेतला तो सप्टेंबरात. बारा आठवड्यांचा, रोज दोन तास. चौथ्या आठवड्यात दसरा आला, कापसाची आवक सुरू झाली आणि कोर्स जिथल्या तिथे राहिला. हंगामात जिनिंगचं काम घड्याळावर चालत नाही. गाड्या रात्रीही उभ्या असतात, शेतकरी थंडीत शेकोटी करून बसलेले असतात आणि काट्यावरचा माणूस उठला तर रांग थांबते. मार्च उलटला तेव्हा त्याने कोर्स पुन्हा उघडला. मागचं काहीही आठवत नव्हतं.

पुढच्या वर्षी त्याने वेळापत्रकच कापसाला बांधलं. एप्रिल ते सप्टेंबर शिकायचं, कारण तेव्हा यंत्रं दुरुस्तीला काढलेली असतात, ऑफिसात हिशेब आणि जीएसटी एवढंच असतं आणि संध्याकाळी सहाला घरी जाता येतं. ऑक्टोबर ते मार्च नवं काहीही शिकायचं नाही. त्या सहा महिन्यांत तो खिशातल्या छोट्या डायरीत काट्यावर होणारी प्रत्येक चूक टिपतो. ही डायरी त्याने मला दाखवली. एका पानावर होतं: 'दुपारी भाव बदलला, सकाळच्या चिठ्ठ्या नवीन भावाने छापल्या.' दुसऱ्यावर: 'एक पिकअप, तिघांचा माल, एकच वजन.' तिसऱ्यावर: 'दोन काट्यांवर एकच चिठ्ठी नंबर.'

कुठल्याही महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमापेक्षा ही डायरी मला मोलाची वाटली. डेटाबेस शिकवणारी पुस्तकं विद्यार्थी, प्राध्यापक आणि विषय यांची उदाहरणं घेतात, आणि विद्यार्थ्याला ती पटतात कारण त्याने दुसरं काही पाहिलेलं नसतं. त्या उदाहरणांत कोणाचे पैसे अडकत नाहीत. नोंद कुठे, कशी आणि कोणामुळे बिघडते हे ज्याने सात हंगाम पाहिलंय, त्याला शिकवणीचा अर्धा भाग आधीच येत असतो. त्याला फक्त त्या बिघाडांची नावं माहीत नसतात. नोकरीमुळे शिकता येत नाही, असं आपण सहज म्हणून जातो. पारोळ्यात मला दिसलं ते असं, की या माणसाला शिकण्यासारखं जे काही मिळालं ते नोकरीनेच दिलं. नोकरीने घेतला तो वेळ आणि झोप.

एकाच नावाचे दोन पाटील

सुरुवात एका चुकाऱ्यापासून झाली होती. दोन शेतकरी. नाव तेच, वडिलांचं नाव तेच, आडनाव पाटील. गावं वेगळी. एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर गेले. परत मिळाले, पण त्यासाठी या कारकुनाला दोन्ही गावांचे उंबरे झिजवावे लागले आणि दोन्हीकडे ऐकून घ्यावं लागलं.

तोवर सगळा कारभार एक्सेलच्या एका लांबलचक तक्त्यात होता. नाव, गाव, गाडी नंबर, भरलं वजन, रिकामं वजन, भाव, रक्कम, खातं. प्रत्येक खेपेला सगळं नव्याने टाइप करायचं. एकच शेतकरी एका ओळीत पूर्ण नावाने, दुसरीत आद्याक्षरांनी, तिसरीत इंग्रजी स्पेलिंग बदलून. आधी त्याने उपाय काढला की मोबाइल नंबर हीच ओळख धरायची. तो उपाय महिनाभरही टिकला नाही. म्हाताऱ्या शेतकऱ्याचा म्हणून जो नंबर दिला जातो तो मुलाचा असतो, आणि त्याच मुलाचा नंबर काका आणि आत्याही देतात. शेवटी प्रत्येक शेतकऱ्याला एक स्वतःचा क्रमांक दिला. ज्याला काही अर्थ नाही, जो कधी बदलत नाही आणि दुसऱ्या कोणालाही मिळत नाही. हीच प्रायमरी की. ती त्याला व्हिडिओत भेटली तेव्हा त्याला ती ओळखीची वाटली.

मग एका तक्त्याचे पाच झाले. शेतकरी वेगळे, गाड्या वेगळ्या, खेपा वेगळ्या, खेपेतला कोणाचा किती माल हे वेगळं आणि चुकारे वेगळे. तिघांचा माल एका पिकअपमध्ये आला तरी आता खेप एक आणि तिच्या वाटण्या तीन. भावाची गोष्ट त्याहून नाजूक. आजचा भाव एका ठिकाणी लिहून ठेवायचा आणि प्रत्येक चिठ्ठीने तो तिथून वाचायचा, ही रचना दिसायला सुटसुटीत आहे. पण दुपारी भाव बदलला की सकाळच्या सगळ्या चिठ्ठ्यांची रक्कम आपोआप बदलते. म्हणून सौदा ठरला त्या क्षणीचा भाव चिठ्ठीवरच गोठवावा लागतो. नवशिके इंजिनिअर ही चूक हमखास करतात. याने ती केली नाही, कारण ती चूक घेऊन भांडायला आलेला शेतकरी त्याच्यासमोर उभा राहिलेला होता.

हे सगळं ज्याच्या डोक्यातून निघालं तो एडगर कॉड हा आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेतला गणिती. त्याचा निबंध १९७० साली प्रसिद्ध झाला. त्याआधी माहिती शोधायची तर ती यंत्रात कुठल्या वाटेने साठवली आहे हे माहीत असावं लागे. कॉडचं म्हणणं असं, की माणसाने माहितीकडे तक्ते म्हणून बघावं, काय हवंय ते सांगावं. कसं शोधायचं ते यंत्राचं यंत्र बघेल. चार वर्षांनी त्याच प्रयोगशाळेतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी हे सांगण्यासाठी एक भाषा मांडली. तिचं नाव तेव्हा सीक्वेल होतं, पुढे एसक्यूएल झालं. भाषा कोणासाठी, हे त्यांनी त्या निबंधात स्पष्ट लिहिलं होतं: संगणकतज्ज्ञ नसलेल्यांसाठी. उदाहरणादाखल जे व्यवसाय त्यांनी मोजले त्यांत पहिला हिशेबनिसांचा होता.

हे मी त्या कारकुनाला सांगितलं तेव्हा त्याने ते डायरीत लिहून घेतलं.

तलाठ्याचा कंस

सातबारा कसा चालतो हे खानदेशातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असतं, निदान त्याने किती पिडलं आहे हे तरी. पण ती रचना किती विचारपूर्वक केलेली आहे हे डेटाबेस शिकताना कळतं. गाव नमुना सात गट क्रमांकावर चालतो: ही जमीन, हिचे हे धारक, हे इतर हक्क. नमुना बारा त्याच गटातलं पीक सांगतो. नमुना आठ अ तीच माहिती खातेदाराच्या बाजूने मांडतो: हा माणूस, याच्या नावावर एकूण एवढ्या जमिनी. आणि नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. खरेदी झाली, वारस लागले, बोजा चढला, की आधी तिथे क्रमांकाने नोंद पडते, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातवर बदल होतो. जुन्या धारकाचं नाव खोडत नाहीत. त्याला कंस करतात आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहितात. पन्नास वर्षांनीही जमीन कोणाकडून कोणाकडे गेली हे त्या क्रमांकांवरून मागे मागे जात शोधता येतं.

ब्रिटिश अमदानीत अँडरसन यांच्या नियमपुस्तिकेने घट्ट बसवलेली ही गावदप्तराची पद्धत कॉडच्या निबंधाच्या कितीतरी आधीची. पोस्टग्रेससारखा डेटाबेसही बदल आधी एका नोंदवहीत लिहितो आणि मग मूळ तक्त्यात उतरवतो. मध्येच वीज गेली तर उठल्यावर ती नोंदवही वाचून अर्धवट राहिलेलं पुरं करतो, नाहीतर सोडून देतो. जिथे वीज कधी जाईल याचा नेम नाही तिथे हे समजावून सांगावं लागत नाही.

रद्द झालेल्या चिठ्ठीचं काय करायचं, हा प्रश्न आमच्या कारकुनाने इथूनच सोडवला. पूर्वी तो एक्सेलमधली ओळ उडवून टाकायचा. आता ओळ तशीच राहते, तिला रद्द अशी खूण होते, कोणी केली आणि कधी केली ते शेजारी येतं. पुस्तकात याला सॉफ्ट डिलीट म्हणतात. त्याच्या तक्त्यातल्या त्या रकान्याचं नाव त्याने इंग्रजी अक्षरांत 'कंस' असंच ठेवलं आहे.

राज्यात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो, पंधरा रुपये भरले की घरबसल्या उतरवता येतो. कापसाची सरकारी खरेदीही आता तिकडेच वळली आहे. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) हमीभावाने, लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये, कापूस घालायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करावी लागली. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, बारापलीकडे गेला तर माल नाकारला जातो. म्हणजे आज शेतकऱ्याची गाडी रस्त्यावर येण्याआधी त्याचं नाव कुठल्यातरी तक्त्यात नीट बसलेलं असावं लागतं. नाव चुकलं, सातबाऱ्यावरचं आणि आधारवरचं जुळलं नाही, की तो हेलपाट्यांत अडकतो. त्या तक्त्यांची रचना करणारी माणसं दूर शहरांत बसतात. त्यांतलं कोणी एक हंगाम काट्यावर बसलेलं असावं, असं मला फार मनापासून वाटतं.

अमळनेर वीस किलोमीटरवर

पारोळ्यातून संगणकाची गोष्ट सांगायची आणि अमळनेर वगळायचं, असं होऊच शकत नाही. मोहम्मद हाशम प्रेमजींनी १९४५ साली तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी काढली. १९६६ मध्ये ते अचानक गेले तेव्हा मुलगा अझीम स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकत होता. एकवीस वर्षांचा तो मुलगा शिक्षण अर्धवट टाकून परतला आणि तेलातुपाचा धंदा चालवू लागला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आयबीएम भारतातून बाहेर पडली, पुढच्या काही वर्षांत ही कंपनी संगणकात उतरली. तीच विप्रो. प्रेमजींनी आपली राहिलेली पदवी तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर कंपनी चालवता चालवता, पत्राद्वारे अभ्यास करून पुरी केली. नोकरी सांभाळून शिकण्याचं याहून ठळक उदाहरण या परिसराला लाभलेलं नाही, आणि तरी ते इथे फारसं कोणी सांगत नाही. सांगतात ते शेअरचं. विप्रोचे जुने शेअर सांभाळून ठेवले आणि कोट्यधीश झाले, अशा घरांच्या हकिकती अमळनेरात आजही रंगतात. संगणकाचं काम मात्र बंगळुरूला गेलं.

जळगावला १९९० मध्ये विद्यापीठ झालं, ज्याला आता बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. २००१ मध्ये एमकेसीएल ही संगणकशिक्षणाची कंपनी आली आणि तिच्या एमएस-सीआयटी या कोर्सचे वर्ग तालुक्या-तालुक्यांत निघाले. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागतं, म्हणून ते घराघरांत आहे. पण संगणक वापरायला शिकणं आणि संगणकाला काम नेमून द्यायला शिकणं यांत मोठं अंतर आहे, आणि ते अंतर कापायला तालुक्याच्या गावात आजही कोणी हात धरत नाही.

तीन, सहा, अठरा

एका पतसंस्थेत कॅशियर असलेल्या, डेटाबेसच शिकणाऱ्या एका ताईंना मी त्यांच्या घरी भेटले. त्या पहाटे साडेचारला उठतात. सहाला नळ येतो, सासूबाई उठतात, डबे, मुलीची शाळा, मग दहाला काउंटर. अभ्यासाला साडेचार ते सहा एवढाच वेळ, आणि त्यातही लॅपटॉपचा आवाज बंद ठेवून. रात्री बसता येत नाही. त्यांचे यजमान समजूतदार आहेत, पण घरात रात्री बाईने खोली अडवून बसणं हे कोणाच्या कल्पनेतच नाही. कारकुनाच्या ओट्यावरच्या लॅपटॉपला घरातून कोणी हरकत घेत नाही. शिकण्याची धडपड दोघांची सारखीच. वाट्याला आलेला वेळ सारखा नाही, आणि ही गोष्ट कौतुकाच्या लेखांत फार सहज झाकली जाते.

ताईंची पहिली अडचण इंग्रजीची. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठीतले धडे त्यांना सापडले आणि सुरुवात झाली. धड्यातलं कळायचं, पण स्वतः काही करायला गेलं की पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी वाक्य. त्यांनी एक शंभर पानी वही केली. डाव्या पानावर ते इंग्रजी वाक्य जसंच्या तसं, उजव्या पानावर ते कशामुळे आलं आणि कशाने गेलं, मराठीत. वही आता संपत आली आहे. कोणा प्रकाशकाने ती छापली तर शेकडो मुलांचे महिने वाचतील.

दुसरी अडचण मराठीचीच. संस्थेची जुनी सभासद-यादी युनिकोड येण्याआधीच्या एका फाँटमध्ये होती. त्या फाँटमध्ये उघडली तर सुरेख मराठी, दुसऱ्या कशात उघडली तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कचरा. यंत्राच्या लेखी तिथे मराठी कधी नव्हतीच; अक्षरांना मराठी मुखवटा होता. अशा याद्या महाराष्ट्रभर पतसंस्था, ग्रामपंचायती, शाळांच्या कपाटांत पडून आहेत. त्या युनिकोडमध्ये आणणं हे किचकट काम ताईंनी शिकता शिकता सुरू केलं, पण एका अटीवर, जी त्यांनी स्वतःच घातली: सराव खऱ्या सभासदांच्या माहितीवर करायचा नाही. यादी संस्थेच्या संगणकावरच राहते. घरच्या लॅपटॉपवर त्यांनी बनावट नावांची शंभर माणसं तयार केली आहेत. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ साली झाला, पण कायद्याच्या भीतीपेक्षा त्यांचं कारण जवळचं होतं. कोणाच्या खात्यात किती आहे हे गावात फुटलं तर संस्थाच राहत नाही.

त्यांनी मला एक प्रयोग करून दाखवला. मायएसक्यूएल या डेटाबेसला 'पारोळा' या शब्दाची लांबी विचारली. उत्तर आलं अठरा. दुसऱ्या पद्धतीने विचारली, उत्तर आलं सहा. आपण मोजतो तेव्हा तीन: पा, रो, ळा. युनिकोडमध्ये काना आणि ओकार हे वेगळे धरले जातात, म्हणून सहा. आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, म्हणून अठरा. रकाना किती रुंद ठेवायचा, नाव मध्येच का तुटतं, पावतीवर शेवटची वेलांटी का गळते, याचा उलगडा या तीन आकड्यांत आहे. इंग्रजीत शिकणाऱ्याला हे तिन्ही आकडे एकच दिसतात, म्हणून तिथल्या धड्यांत हा प्रश्न येतच नाही. मराठीत काम करणाऱ्याला तो पहिल्या आठवड्यात गाठतो.

रविवारची तपासणी

आमच्या कारकुनाला वाट सापडली ती तालुक्यातल्याच एका मुलामुळे, जो पुण्यात नोकरी करतो. तो स्वतः सपोर्टच्या रात्रपाळीत राहून तीन वर्षं बॅकएंड शिकला. आयटीत सपोर्टच्या नोकरीला कोणी मान देत नाही. पण चालू यंत्रणा रात्री दोनला कशी कोसळते, कोणत्या प्रश्नाने सर्व्हरचा श्वास कोंडतो, हे बघायला मिळतं ते तिथेच. तो म्हणाला, कोड लिहिण्याआधी त्याने दोन वर्षं फक्त लॉग, म्हणजे यंत्रणेने स्वतः केलेल्या नोंदी, वाचले.

दर रविवारी सकाळी दोघे व्हिडिओ कॉलवर बसतात. बोलणं अर्धं मराठीत, अर्धं अहिराणीत. मी शेजारी बसून ऐकलं. त्या दिवशी दोन काट्यांवर एकच चिठ्ठी नंबर येण्याचा विषय होता. कारकुनाने लिहिलं होतं असं: आतापर्यंतचा सर्वांत मोठा नंबर बघ, त्यात एक मिळव, तो पुढच्या चिठ्ठीला दे. एकटा बसून तपासलं तेव्हा बिनचूक चाललं.

"भाऊ, दोन्ही काट्यांनी एकाच क्षणी विचारलं तर?" पलीकडून प्रश्न आला.

कारकून थांबला. दोघांनाही सर्वांत मोठा नंबर तोच दिसणार, दोघंही त्यात एक मिळवणार. त्याने कागदावर दोन काटे काढले, बाण ओढले आणि म्हणाला, "आते समजनं." नंबर देण्याचं काम डेटाबेसकडेच सोपवायचं, तो सिक्वेन्समधून एकेकाला वेगळा नंबर देतो, कितीही जणांनी एकदम मागितला तरी.

पुढचा प्रश्न गोडाउनमधल्या मोबाइलचा. तिथे नेटवर्क रडतखडत चालतं. माल उतरल्याची नोंद पाठवली, उत्तर आलं नाही, हमालाने पुन्हा बटण दाबलं, आणि सर्व्हरवर दोन नोंदी. पहिली नोंद पोचली होती, हरवलं होतं ते फक्त उत्तर. बॅकएंड म्हणजे काय, हे मला या उदाहरणात सर्वांत स्वच्छ कळलं. पडद्यामागे बसून येणाऱ्या प्रत्येक मागणीकडे संशयाने बघणारं ते खातं आहे: ही मागणी कोणाची, याला हा अधिकार आहे का, वजन उणे तर नाही ना, आणि हीच मागणी मी आधी पुरी केली आहे का. उपाय असा केला की मोबाइलनेच पाठवण्याआधी त्या नोंदीला एक खूणक्रमांक द्यायचा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हर नवी नोंद न करता जुनंच उत्तर परत देतो.

आता कोड लिहून देणारे एआय सहायक हाताशी आहेत, आणि कारकून ते वापरतो. पुण्याच्या मित्राची त्यावर एक अट आहे. ज्या ओळीचं कारण तोंडी सांगता येणार नाही ती पुसायची. रविवारी तो कुठल्याही ओळीवर बोट ठेवतो आणि विचारतो. मी पाहिलं त्या दिवशी अकरा ओळी पुसल्या गेल्या, आणि पुसणाऱ्याला त्याचं वाईट वाटलं नाही. कोर्स हजारो आहेत, बहुतेक फुकट. या माणसाला घडवलं ते दर रविवारच्या दीड तासाने, कोणीतरी त्याचं काम बारकाईने वाचण्याने. तालुक्याच्या गावांत नेमकं तेच मिळत नाही, आणि पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या खानदेशी इंजिनिअरांना ते सहज देता येण्यासारखं आहे. पुण्यात बसून थेट पोस्टग्रेसच्या गाभ्यात काम केलेली माणसंही आहेत. २०१८ मध्ये आलेल्या अकराव्या आवृत्तीच्या टिपणात विभागलेल्या तक्त्यांच्या जोडणीसाठी आशुतोष बापट यांचं आणि त्यांवरच्या बेरजांसाठी जीवन चाळके यांचं नाव छापलेलं आहे. हे कारकुनाला माहीत नव्हतं. आपण रोज वापरतो त्या वस्तूत मराठी माणसांचा हात आहे, हे कळल्यावर त्याने ते टिपण उघडून मला ती नावं मोठ्याने वाचायला लावली.

पुण्याला जाणार का

हा प्रश्न मी सगळ्यांना विचारला. कारकून नाही म्हणाला. शेती आहे, आई-वडील आहेत, आणि पुण्यात त्याच्या वयाच्या नवशिक्याला दारात उभं करणाऱ्या कंपन्या थोड्या. ताईंना गावात राहूनच दुसऱ्या पतसंस्थांची कामं घ्यायची आहेत. त्यांच्या ओळखीतल्या एका मुलाने नोकरीची हमी देणाऱ्या एका वर्गात कर्ज काढून फी भरली. वर्ग संपला, हमी हवेत राहिली, हप्ते चालू आहेत. अशा वर्गांच्या जाहिराती तालुक्याच्या बसस्टँडांपर्यंत पोचल्या आहेत. माझं मत विचाराल तर, ज्याने अजून स्वतःच्या कामातला एकही तक्ता नीट बसवलेला नाही त्याने कोणालाही फी देऊ नये. लागणारं सगळं फुकट मिळतं: पोस्टग्रेस फुकट आहे, मायएसक्यूएल फुकट आहे. सर्व्हर नको असेल तर एसक्यूलाइट आहे. रिचर्ड हिप याने अमेरिकी नौदलाच्या एका जहाजावरच्या कामातून तो २००० साली लिहिला, कारण डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की त्याचा प्रोग्रॅमही अडायचा. आज तो प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात आहे.

ज्याला पुण्याला जायचंय त्याने जरूर जावं. पण गावात राहून गावाच्या नोंदी नीट ठेवणारा माणूस हा कमी दर्जाचा इंजिनिअर असं समजणं मला मान्य नाही. जिनिंग, पतसंस्था, बाजार समिती, दूध डेअरी, दवाखाने. पारोळ्यासारख्या प्रत्येक गावात पाच-पंचवीस कारभार एक्सेलच्या एकेका लांब तक्त्यावर चालले आहेत, आणि एकाच नावाचे दोन पाटील प्रत्येकात आहेत.

दसऱ्याच्या आत

मी निघाले तेव्हा कारकुनाचं बॅकअपचं काम चाललं होतं. पुण्याच्या मित्राने सांगून ठेवलं होतं की नुसता बॅकअप घेतलेला धरणार नाही. दुसऱ्या लॅपटॉपवर सगळं पुन्हा उभं करून दाखवायचं. पहिल्या खेपेला ते झालं नाही, कारण दुसऱ्या लॅपटॉपवर पोस्टग्रेसची जुनी आवृत्ती होती आणि तिला नव्या आवृत्तीची फाइल वाचता येईना. आवृत्ती बदलल्यावर जमलं. मागच्या हंगामाच्या चिठ्ठ्या, नावं बदलून, त्याने त्यात भरल्या होत्या. एकूण रकमेत थोडी तफावत आली. ती शोधता शोधता कळलं की रकमेचा रकाना त्याने फ्लोट प्रकारचा ठेवला होता, ज्यात पैशांचा दशांश तंतोतंत बसत नाही. तो न्यूमरिक केल्यावर बेरीज वहीशी पैशापर्यंत जुळली.

शेठनी परवानगी दिली आहे, अटीसह. यंदा एकाच काट्यावर नवीन पद्धत चालेल, शेजारी वहीही चालेल, रोज संध्याकाळी दोन्हींची बेरीज जुळवायची आणि सलग महिनाभर जुळली तरच दुसऱ्या काट्याचा विचार. दसऱ्याच्या आत त्याच्याकडे दोन कामं उरली होती: चिठ्ठी रद्द करताना कारण लिहिणं सक्तीचं करायचं, आणि गोडाउनच्या हमालाला मोबाइलवरचं बटण एकदाच दाबायला शिकवायचं. दुसरं जमेल याची त्याला खात्री नाही, म्हणून त्याचा बंदोबस्त त्याने सर्व्हरवरच करून ठेवला आहे.